आधी झोप, मग मुलाखत

खासगी रुग्णालयातली नर्स हक्काची रजा टाकून गावी जाते आणि त्याच रजेत दुसऱ्या नोकरीची मुलाखत देऊन येते. ही मूळ रुग्णालयाशी बेइमानी आहे का? मेट्रनच्या केबिनमध्ये हा प्रश्न निघतो, डॉक्टर-मालकांच्या बैठकीत निघतो, कधी कधी नर्सच्या स्वतःच्या घरातही निघतो. ‘पगार इथला घ्यायचा आणि नोकरी दुसरीकडे शोधायची’ हे वाक्य मी इन्चार्ज असताना ऐकलं, शिकवायला लागल्यावरही ऐकत राहिले. माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. आणि मला त्याच्याही पुढे जाऊन काही सांगायचं आहे. नोकरी सोडावी की टिकवावी हे ठरवायला डोकं ज्या ठिकाणी असावं लागतं, त्या ठिकाणी ते नर्सच्या बाबतीत रजेशिवाय येतच नाही. रजेत नोकरी शोधणं नुसतं गैर नाही असं नव्हे, तर शोधायची असेल तर ती रजेतच शोधावी. फक्त आधी झोपावं, मग शोधावं.

पगाराचा मुद्दा आधी संपवू. महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा ठरावीक संख्येइतके किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो, आणि डॉक्टरांची खासगी रुग्णालयं, प्रसूतिगृहं त्यातून सुटलेली नाहीत. त्या कायद्यानुसार वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत. शिवाय वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. वर्षभर इमानेइतबारे ड्युटी केलेल्या सिस्टरच्या नावावर अशी पंधराएक दिवसांची रजा उभी राहते. त्या पंधरा दिवसांचा पगार म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. त्यासाठीचं काम तिने आधीच केलेलं असतं, वीस दिवसांनी एक या हिशेबाने. त्या दिवसांत ती झोपली, देवाला गेली, भावाच्या लग्नात नाचली की मुलाखत देऊन आली, हे विचारण्याचा अधिकार मालकाला उरत नाही. सरकारी सेवेतल्या परिचारिकेला वर्षाला ३० अर्जित रजा मिळतात. अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्यांच्या नशिबात तेवढंही नसतं. पण ज्यांना जे काही मिळतं, ते त्यांचं आहे.

यावर कुणी म्हणेल, आठवड्याचा ऑफ असतोच की, त्या दिवशी द्यावी मुलाखत. असं म्हणणाऱ्याने रोस्टर नीट वाचलेलं नसतं. सहा नाईट झाल्या. रात्री आठला आलेली मुलगी सातव्या दिवशी सकाळी आठला सुटते. खरं तर पुढच्या पाळीला ओव्हर देऊन, औषधांचा हिशेब जुळवून, रिलीव्हर उशिरा आली तर तिची वाट पाहून, नऊला. रोस्टरमध्ये त्या दिवसासमोर ‘ऑफ’ लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मॉर्निंग. कागदावर चोवीस तासांची सुट्टी झाली, प्रत्यक्षात ती रात्रपाळीची झोप भरून काढण्यातच गेली. दुपारी दोनला डोळा लागतो, चारला शेजारी मिक्सर लागतो, सहाला घरून फोन येतो. अशा दिवसाला सुट्टी म्हणायला मी तयार नाही. रात्रपाळी शरीराचं काय करते, हे आता नुसत्या अनुभवाच्या गोष्टींपुरतं राहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं, आणि २०१९मध्ये रात्रपाळीबद्दलचा तो निर्णय कायम ठेवला.

त्याच २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात कामातून येणाऱ्या शिणवट्याची तीन लक्षणं नोंदवली. शक्ती पार संपल्यासारखी वाटते, कामापासून मन तुटतं किंवा कामाबद्दल कडवटपणा येतो, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागतं. यातलं दुसरं लक्षण आमच्या विषयाच्या मुळाशी आहे. कामापासून मन तुटलेल्या मुलीला नेमकं काय नको झालंय, ते तिचं तिला सांगता येत नाही. हा वॉर्ड नको आहे की ही इन्चार्ज? हे रुग्णालय नको आहे, हे शहर नको आहे, की नर्सिंगच नको? सलग नाईटमध्ये ही सगळी उत्तरं एकच वाटतात. म्हणून चांगल्या हाताच्या, चांगल्या नजरेच्या मुली विमा कंपनीच्या क्लेम डेस्कवर जाऊन बसतात, कुणी लग्नाचं निमित्त करून घरी राहतात आणि नोंदणीचं नूतनीकरणही करत नाहीत. त्यातल्या कितीतरी जणींना नर्सिंग नको नव्हतं. त्यांना फक्त दहा दिवस सलग रात्री झोपायला हवं होतं.

एका मुलीचं उदाहरण मी फार जवळून पाहिलं. बीडकडची, जीएनएम झालेली, पुण्यात एका मध्यम रुग्णालयाच्या आयसीयूत कामाला. नाईट संपवून, गणवेश पिशवीत कोंबून, तोंडावर पाणी मारून ती बसने मुलाखतीला गेली. तिथल्या बाईंनी साधा प्रश्न विचारला. ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यायचंय, सेट २० थेंबांना एक मिलिलिटर देणारा आहे, मिनिटाला किती थेंब लावशील? हा हिशेब ती रोज रात्री करते. पाचशे गुणिले वीस, भागिले दोनशे चाळीस, बेचाळीसच्या आसपास थेंब. तिला तो आला नाही. समोर कोरा कागद होता, हातात पेन होतं आणि दोनशे चाळीस हा आकडा कुठून येतो तेच सुचेना. घरी येऊन ती मला फोनवर म्हणाली, “मॅडम, मला काहीच येत नाही, मी हे काम सोडते.” तिला येत होतं. आदल्या रात्री तिने तीन पेशंटची इन्फ्युजनं बिनचूक सांभाळली होती.

पुढे तिने साठलेली रजा घेतली. सुरुवातीचे काही दिवस आईने तिला जेवायलासुद्धा उठवलं नाही. मग कागदपत्रं काढली, नोंदणीची तारीख पाहिली, अनुभवाचा नीट बायोडेटा केला आणि दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखतीला गेली. या वेळी उत्तरं तर तिने दिलीच, शिवाय प्रश्नही विचारले. रात्री आयसीयूत एका स्टाफकडे किती व्हेंटिलेटरचे पेशंट असतात? इथे शेवटची रजा कुणाची आणि किती दिवसांची मंजूर झाली? मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेता का? उत्तरं ऐकून तिने ती नोकरी नाकारली. पगार तीन हजारांनी जास्त होता, तरी नाकारली. परत आल्यावर तिने आपल्याच मेट्रनकडे डायलिसिसला बदली मागितली आणि ती मिळाली. रजेत नोकरी शोधणारी प्रत्येक मुलगी आपल्याला सोडूनच जाणार, असं धरून चालणाऱ्या व्यवस्थापनांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं. झोप पुरी झालेल्या माणसाला आपल्याकडे आहे ते चांगलंही दिसतं.

आता माझ्या म्हणण्यातल्या क्रमाबद्दल. हल्ली मुली रजेच्या पहिल्याच दिवशी मुलाखत ठेवतात, कारण रजा तेवढ्यासाठीच काढलेली असते. घाईने मिळवलेली नोकरी बहुतेक वेळा पहिल्या नोकरीसारखीच निघते, कारण थकलेला माणूस दार उघडं दिसलं की आत शिरतो, आत काय आहे ते बघत नाही. विश्रांतीशिवायचा शोध हा शोध नसतो, ते पळणं असतं. म्हणून मी विद्यार्थिनींना सांगते की रजेचा पहिला भाग कुणालाही देऊ नका. मुलाखतीला नको, एजंटाला नको, नातेवाइकांनाही नको. नातेवाइकांचं मुद्दाम सांगते, कारण नर्स घरी आली की गावभरच्या बीपीच्या गोळ्या आणि जुने रिपोर्ट ओट्यावर येऊन पडतात. सासरी असेल तर स्वयंपाकघर तिची वाट बघत असतंच. घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमची सून, तुमची लेक रजेवर आली आहे, ती घरकामाच्या पाळीवर आलेली नाही. तिला झोपू द्या.

झोप झाली की मग डोळे उघडे ठेवून हिंडावं. ज्या रुग्णालयात अर्ज करायचा आहे, त्याच्या दारात सकाळी आठच्या सुमारास उभं राहावं. नाईटची मंडळी किती वाजता बाहेर पडतात ते बघावं. सव्वाआठला पडतात की पावणेदहाला? हसत, बोलत निघतात की भिंतीला धरून? समोरच्या टपरीवर चहा घेत एखादीला विचारावं की ताई, इथे डबल ड्युटी किती लागते, तिचे पैसे मिळतात का. वेबसाइटवरचे हसरे फोटो आणि एचआरचं गोड बोलणं यांतून जे कळत नाही, ते त्या टपरीवर कळतं. पण सहा नाईटनंतर कुणीही दुसऱ्याच्या दारात असं उभं राहू शकत नाही, त्याला रजाच लागते.

शिवाय शोधाचं कामही आता लहान राहिलेलं नाही. सरकारी अधिपरिचारिकेची परीक्षा द्यायची तर अभ्यास आहे, परजिल्ह्यातलं केंद्र आहे. एम्सची परीक्षा देशभरातल्या मुलामुलींशी स्पर्धा करून द्यावी लागते. परदेशात जायचं तर कौन्सिलकडून पडताळणी, भाषेची परीक्षा, कागदांचं प्रमाणीकरण हे सगळं करावं लागतं. यातलं बरंचसं कार्यालयीन वेळेत, आठवड्याच्या मधल्या दिवशी होतं. आठ ते आठची पाळी करणाऱ्या माणसाने ते कधी करावं? त्यात आमचं क्षेत्र छोटं. मेट्रन मेट्रनला ओळखते, संध्याकाळपर्यंत फोन झालेला असतो. म्हणून मुली लपवतात. ‘गावी पूजा आहे’ असं सांगून मुलाखतीला जातात आणि वर खोटं बोलल्याचं ओझं घेऊन परततात. हे लपवणं त्यांच्या स्वभावात नाही, आपण त्यांना तसं करायला लावलं आहे.

आता सगळ्यात जड आक्षेप, ज्याचं उत्तर टाळलं तर वरचं सगळं म्हणणं पोकळ ठरेल. नर्स रजेवर गेली की तिचे पेशंट कुणी बघायचे? हा प्रश्न मी मनापासून मानते. इन्चार्ज म्हणून रजेचा अर्ज हातात घेऊन रोस्टरकडे बघत मी बसले आहे. एक नाव खोडलं की उरलेल्या तिघींवर काय येतं, ते मला माहीत आहे. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध केला. एका नर्सवर एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. त्याच एका वाढीव पेशंटमागे नर्समधला शिणवटा २३ टक्क्यांनी आणि नोकरीबद्दलची नाराजी १५ टक्क्यांनी वाढण्याची शक्यता दिसली. म्हणजे माणसं कमी असणं आणि माणसं सोडून जाणं ही एकाच साखळीची दोन टोकं आहेत. रजा नाकारून आज एक नाव रोस्टरवर राहतं, आणि काही महिन्यांनी तेच नाव राजीनाम्यावर दिसतं.

रजेचं उत्तर रजा नाकारण्यात नाही हे आपल्या यंत्रणेला फार आधीपासून माहीत आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत अध्यापन रुग्णालयातल्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक, आणि त्यावर ३० टक्के रजा राखीव असं गणित आहे. रजा राखीव म्हणजे कुणी ना कुणी सुट्टीवर असणारच हे धरून आधीच घेतलेली जादा माणसं. दहा जणी लागत असतील तर तेरा घ्या, असं तो निकष सांगतो. ज्या रुग्णालयात दहाच्या जागी आठ आहेत, तिथे एकीच्या आठ दिवसांच्या रजेने वॉर्ड कोलमडतो. मग दोष त्या एकीवर येतो. ती गेल्यामुळे पेशंटचे हाल झाले, असं म्हटलं जातं. हाल त्या आधीच ठरले होते, ज्या दिवशी तेरातली पाच पदं भरायची नाहीत असं कुणीतरी अंदाजपत्रकात ठरवलं त्या दिवशी. पदं न भरता ठेकेदारामार्फत परिचारिका घेण्याच्या बेताविरुद्ध महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका २०२२च्या मे महिन्यात आंदोलनात उतरल्या, तेव्हा त्यांचं म्हणणं हेच होतं की कायमची माणसं हवीत.

सेवेच्या भाषेबद्दलही बोलायला हवं, कारण रजेवरच्या नर्सला टोचणी लावायला तीच वापरली जाते. मिरजेत १८९४मध्ये मिशनचं रुग्णालय सुरू झालं. अशा संस्थांमधून आपल्याकडे परिचर्येचं शिक्षण रुजलं, आणि त्याबरोबर आजारी माणसाला देव मानायची एक वृत्तीही आली. ती वृत्ती मला प्रिय आहे. रात्री तीनला म्हाताऱ्या माणसाचा डायपर बदलताना त्याची लाज राखणारा हात नुसत्या पगाराने घडत नाही. पण ही सेवा रुग्णाची आहे. संस्थेच्या ताळेबंदाची सेवा करण्याची शपथ कुणी घेतलेली नाही. एका रुग्णालयातून दुसऱ्यात गेलेली नर्स रुग्णांना सोडून जात नाही, तिथेही रुग्णच असतात. डॉक्टर चार रुग्णालयांत व्हिजिट देतात तेव्हा त्यांच्या निष्ठेची चौकशी होत नाही. मग नर्सच्या एका मुलाखतीची का व्हावी? आणि ही चौकशी करायला सरकारही मोकळं नाही. २०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार २०२३मध्ये जगात ५८ लाख नर्स कमी होत्या. ज्या कौशल्याची जगाला एवढी गरज आहे, त्याच्या धनिणीने चांगली जागा शोधणं हे सरळ, उजळ माथ्याने करायचं काम आहे.

मालकांना माणसं टिकवायची असतील तर वाट अवघड नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराची मोजणी करून ठेवली आहे. २००हून अधिक खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, १००हून अधिक असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५०हून कमी खाटा असल्या तरी २०,००० रुपयांच्या खाली नाही. रजा, कामाचे तास, वाहतूक या सोयी सरकारी नर्सच्या बरोबरीने असाव्यात, असंही समितीने म्हटलं. केरळात नर्सच्या संघटना रस्त्यावर उतरल्या आणि २०१८मध्ये तिथल्या सरकारने किमान २०,००० रुपये वेतन अधिसूचित केलं. आपल्याकडे ही शिफारस माहीत असलेली नर्स मला क्वचित भेटते. पुष्कळ ठिकाणी पगार वाढवण्याऐवजी बॉण्ड लिहून घेतात, नाहीतर मूळ प्रमाणपत्रं कपाटात कुलूपबंद ठेवतात. प्रमाणपत्र हे त्या मुलीच्या शिक्षणाचं आहे, ते ओलीस ठेवायचा हक्क कुणालाही नाही. रजेवर जाताना मुलींनी पहिलं काम हे करावं की आपली मूळ कागदपत्रं कुठे आहेत ते पाहावं, आणि रुग्णालयाकडे असतील तर लेखी मागावीत.

नवी नोकरी ठरलीच, तर रजेतूनच व्हॉट्सॲपवर राजीनामा टाकून गायब होऊ नये. ही गोष्ट मी तितक्याच आग्रहाने सांगते. परत यावं, नोटीस द्यावी, ठरलेले दिवस पूर्ण भरावेत, नव्या मुलीला बेडवार ओव्हर द्यावी, नार्कोटिक्सचं रजिस्टर जुळवून सही करावी. ज्या मैत्रिणींनी रजेच्या काळात आपली पाळी उचलली, त्यांना अर्ध्या रोस्टरवर टाकून जाणं शोभत नाही. आणि रुग्णालयानेही तेवढ्याच सरळपणे अनुभवाचा दाखला, कार्यमुक्तीचं पत्र, उरलेल्या रजेचे पैसे आणि कपाटातली प्रमाणपत्रं शेवटच्या ड्युटीच्या दिवशीच तिच्या हातात द्यावीत. त्यासाठी तिला चार चकरा मारायला लावू नये, कारण त्या चकरा तिला नव्या ठिकाणच्या नाईट ऑफमध्ये माराव्या लागतात.